कानात सतत आवाज (टिनिटस), आणि "हे आपणच ओढवून घेतलं" ही टोचणी

बागवान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

पावसच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे. गेल्या हंगामापासून डाव्या कानात आवाज येतो, बारीक शिट्टी, चोवीस तास. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला, ४००० हर्ट्झला खड्डा पडलाय म्हणाले, मोठ्या आवाजाने पडतो तसा. औषध असं काही नाही, सवय होईल म्हणाले.

आता मोठा आवाज कसला ते बागवाल्यांना सांगायला नको. वानरं. मोहोर आला की जी टोळी येते ती शेवटचा आंबा उतरेपर्यंत. आधी सुतळी बॉम्ब लावायचो, मग ती पीव्हीसी पायपाची बंदूक आली. मागच्या डब्यात कार्बाइडचा खडा टाकायचा, वर थोडं पाणी, गॅस भरू द्यायचा आणि लायटरचं बटण दाबलं की धाड! खांद्याशी धरून मारायची म्हणजे कान जेमतेम हातभर लांब. बार झाला की कान सुन्न व्हायचा, चहा होईपर्यंत मोकळा व्हायचा, मी म्हणायचो चालायचंच. बायको सांगत होती कानात बोळे तरी घाला म्हणून. नाही ऐकलं.

माझा प्रश्न आवाजाचा नाहीये. दिवसा कामात तो जाणवतही नाही फारसा. रात्री पाठ टेकली की शिट्टी सुरू आणि तिच्या मागोमाग "तूच केलंस, तूच केलंस" सुरू. मग एकेक बार आठवतो, कुठल्या कलमाखाली उभा होतो ते सुद्धा. पेटीला दर किती मिळाला आणि तेवढ्यासाठी कान घालवला असा हिशोब चालतो पहाटेपर्यंत. हळू बोललेलं कळत नाही त्याची लाज वाटते, आणि कुणाकडे बोलायचीही लाज, कारण लोक म्हणणार एवढंच ना, लोकांना काय काय होतं.

तर ज्यांना हे आहे त्यांनी ही टोचणी कशी कमी केली ते सांगा. तेलं, काढे, रत्नं कृपया नकोत, सगळं करून झालंय.

खाजणातला खेकडा

तेलं नकोत म्हणालात ना, आता पहिला प्रतिसाद तेलाचाच येतो की नाही बघा.

कोकमसार

लसणाच्या चार पाकळ्या तिळाच्या तेलात कडकडवायच्या, कोमट झालं की दोन थेंब कानात. आमच्या सासूबाईंना चांगला गुण आला होता.

खाजणातला खेकडा

नारळ फुटला. चालू द्या.

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, चिपळूणला बसतो. कोकमसार ताई, राग मानू नका पण तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, बिघाड पडद्याच्या पलीकडे, आतल्या शंखात आहे. आणि पडद्याला आधीच भोक असेल तर तेलाने वाढीव दुखणं. सुश्रुताने कानाचे २८ रोग सांगितलेत त्यात कर्णनाद वेगळा मोजलाय, म्हणजे दुखणं जुनंच आहे, पण ज्यांना तो मार्ग घ्यायचाय त्यांनी वैद्याला कान दाखवून घ्यावा, फोडणी घरी करू नये.

बागवान, आता तुमच्याकडे येतो. आतल्या शंखात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत (कोंबडीत येतात, आपल्यात नाही). त्या पट्टीतली माहिती येईनाशी झाली की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवतो, रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आपण बटण पिळतो आणि खरखरच मोठी होते, तसं. ही शिट्टी ती खरखर आहे. कानात कुणी वाजवत नाहीये.

आता दोषाचं. ऑडिओग्रामवरून "मोठ्या आवाजाने झालं असावं" एवढं सांगता येतं. कुठल्या आवाजाने, कुठल्या वर्षी, हे कुणालाही सांगता येत नाही. तुम्ही लहानपणी शिमग्याला ढोलाला खांदा दिला असेल, विसर्जनाला बेंजोपुढे नाचला असाल, पॉवर टिलर चालवला असेल, ते सगळं त्या खड्ड्यात आहे. वय आहे, रक्तदाब आहे, आईवडिलांकडून आलेला कान आहे. शेजारच्या बागेतला माणूस तेवढेच बार मारतो आणि त्याला ठणठणीत ऐकू येतं, असे दोघे माझ्याकडे एकाच सकाळी आलेत. बंदुकीचा हात नाही असं म्हणत नाहीये मी. पण तुम्ही रात्री जो एकेक बार मोजताय त्या मोजणीला शास्त्रात आधार नाही.

तुमचा आवाज एकाच कानात आहे, तर एमआरआयची गरज आहे का हे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण विचारायचं. आणि बाकी वाचणाऱ्यांसाठी: एका दिवसात अचानक कान बंद पडला किंवा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल तर धागे वाचत बसू नका, लगेच दाखवा. अचानक गेलेल्या कानाला स्टिरॉइड जितकी लवकर मिळतील तितकी उपयोगाची.

खाजणातला खेकडा

म्हणजे पुढचा जन्म कोंबडीचा मागायचा. कान परत येतील पण मान जाईल.

दर्यावर्दी

हर्णैवरून. स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे.

मी लहान वयात ट्रॉलरवर इंजिनाकडे लागलो. सहा सिलिंडरचं इंजिन, खाली लाकडी खोली, वर फळी, आणि फेरी असली की दिवसरात्र तिथेच. बोलायचं म्हणजे एकमेकांच्या कानात ओरडून. दोन्ही कान वाजतात, मला तर शिट्टी नाही, ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट येतो. समुद्रावर असलो की काही कळत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा घरी आलो की पावसाच्या आवाजात एक वेळ बरं, पाऊस थांबला की डोकं फुटतं.

पण मी कधी स्वतःला दोष दिला नाही. कारण दुसरं काय करणार होतो? तांडेलाला सांगणार होतो का की आवाज होतो मला वर बसव? तुम्ही मालक माणूस, तुम्हाला बोळे घालायचे की नाही हे ठरवता आलं म्हणून आता पश्चात्ताप करता येतोय. आमच्याकडे तीही सोय नव्हती. वाईट वाटून घेऊ नका पण वाचताना आलं मनात.

बागवान

दर्यावर्दी, राग नाही आला. पण मालक वगैरे काही नाही हो, कर्जातली बाग आहे, आणि वानरं चार दिवसांत हंगाम साफ करतात. ठरवता आलं असतं हे खरं. तेच तर टोचतंय.

कानसेन साहेब, एवढं कुणी समजावलं नव्हतं. एमआरआयचं विचारतो.

देवबागचो झील

बागवानानू, माका पण ह्या आसा. भजनाची डबलबारी, मी पखवाजाक, आनि साउंडवाल्यान मॉनिटर ठेवल्यान तो थेट माझ्या कानाकडे. रातभर. कान वाजतत तेचा वायट वाटता, पण त्या बाऱ्यो वाजवलंय तेचा वायट वाटणा नाय. आता ह्या दोनी एकाच खात्यात लिवचा काय?

उंडीण

झीलभाऊंचा मुद्दा भारी आहे. माझं पण हेच, कॉलेजात कानात हेडफोन घालून झोपायचे, त्या गाण्यांवर अजून जीव आहे, नि राग पण त्यांचाच.

मधली आळी

मी लिहू की नको करत होते. माझं उलटं आहे. कान माझा नाही, मुलाचा आहे.

मुलगा अपुऱ्या दिवसांचा. जन्मल्यावर इन्फेक्शन झालं, काचेच्या पेटीत होता, अमिकासिनची इंजेक्शनं दिली. सही माझी होती कारण हे बोटीवर होते. पोर वाचलं. पुढे शाळेत बाई म्हणाल्या लक्ष देत नाही, तपासलं तर वरच्या पट्टीतलं ऐकू कमी येतं, ते औषध कानाला जड असतं हे तेव्हा कळलं. आणि मग एका रात्री तो विचारतो, आई तुला पण झोपताना टीईई ऐकू येतं का? त्याला वाटत होतं सगळ्यांना येतं. मी हो म्हणून टाकलं. अजून कळत नाही बरोबर केलं का.

त्यानंतर मी पण बागवानांसारखीच रात्री हिशोब करायचे. सही का केली, दुसरं औषध नाही का असं का विचारलं नाही, मुंबईला का नाही नेलं. रत्नागिरीत एक समुपदेशक बाई भेटल्या, त्यांनी मला समजूत वगैरे काही घातली नाही. त्या म्हणाल्या, त्या रात्री तुम्हाला जे माहीत होतं तेवढंच लिहून आणा. नंतर कळलेलं एक अक्षर नको. मी घरी बसून लिहिलं. बाळाला ताप. दूध ओढत नाही. डॉक्टर म्हणतात उद्यापर्यंत थांबता येणार नाही. बस्स, एवढंच निघालं, वहीचं अर्धं पान पण भरलं नाही. बाकी जे मी रोज रात्री स्वतःच्या तोंडावर फेकत होते ते सगळं नंतर कळलेलं होतं.

टोचणी गेली असं म्हणणार नाही. पण आता ती आली की मला ते पान आठवतं आणि वाद तिथे थांबतो. बागवान, तुम्ही पण लिहून बघा. "कान सुन्न होतो, चहापर्यंत मोकळा होतो" एवढंच तर तुम्हाला माहीत होतं ना?

अजून एक. कुठेतरी वाचलं की काही घराण्यांत आईकडूनच असा एक जीन येतो की या इंजेक्शनांनी कान चटकन जातो. त्याची टेस्ट असते. मी केली नाही, मुद्दाम. तिथेही मीच निघाले तर?

कानसेन

मधली आळी, वाचून थोडा वेळ काही टाइप करता आलं नाही.

जीनचं बरोबर वाचलंत, मायटोकॉन्ड्रियात असतो, आणि तो आईकडूनच येतो. पण ती टेस्ट तुमचा दोष शोधायला नसते. निघालाच तर मुलाच्या आणि तुमच्या बहिणींच्या, त्यांच्या मुलांच्या फाइलवर लिहायचं की अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन या जातीचं औषध पर्याय असेल तर टाळा. तुम्हाला तो जीन तुमच्या आईने मुद्दाम दिला का? मग तुम्ही तरी कसा दिला. घाई नाही, पण एकदा विचार करा.

मधली आळी

बहिणीच्या मुलांचा विचार केलाच नव्हता. बघते.

सड्यावरचा

वानरांवर कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. आमच्याकडे सौर कुंपण केलं, माकडं झाडावरून झाडावर जातात, कुंपणाला विचारतो कोण. नेपाळी गडी ठेवला राखणीला, तो गोफण मारतो, ती बरी. कार्बाइडची बंदूक मात्र बंद करा मंडळी, २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याने कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, वाचलं असेल. कानाचं तर पुढचं.

खाजणातला खेकडा

गोफण आवाज करत नाही पण नेम चुकला की कौल फुटतं. शेजाऱ्याचं.

सड्यावरचा

अनुभवाचे बोल दिसतात. आणि फटाक्याला सुद्धा कायद्याने मर्यादा आहे, चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाजाचा फटाका बनवायला, विकायला, वाजवायला बंदी. आता हा पायप चार मीटरवर नाही, खांद्यावर असतो, आणि त्याची मोजमापं कोण करतंय.

संपादक

धागा वानरांवर गेलाय. वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त गोफण चालवा.

तांबडा चिरा

थोडा वेगळा सूर लावतो. इथे सगळे "दोष देऊ नका" म्हणताहेत, मला ते अर्धंच पटतं.

माझी चिऱ्याची खाण होती लांज्याच्या बाजूला. कटिंग मशीन चालू असलं की जांभ्याची धूळ आणि असला कर्कश आवाज की दोन माणसं शेजारी उभी राहून खुणांनी बोलतात. कायद्यात कारखान्यासाठी ९० डेसिबल, आठ तास असं लिहिलंय, खाणीत मीटर घेऊन कोण येतंय. माझे स्वतःचे कान वाजायला लागले तेव्हा पहिल्यांदा मशीनवरच्या माणसांना विचारलं, तुमचे वाजतात का. विजापूरकडचा एक जण होता, तो हसला आणि म्हणाला, सगळ्यांचेच वाजतात मालक, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत.

मला टोचणी लागली ती त्या दिवशी लागली, आणि ती लागली म्हणून मी सगळ्यांना कान झाकणारे मफ आणले, पाळ्या लावल्या. नसती लागली तर? आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, हे मी त्यानंतर वाचलं, आधी वाचायची गरजच वाटली नव्हती. तेव्हा टोचणी सरसकट वाईट नाही. ज्याने पुढचा कान वाचतो ती ठेवा. जी नुसती रात्री उशाशी बसून तेच तेच दळते तिचा काही उपयोग नाही, ती टाका. दर्यावर्दी म्हणाले तेही खरंच आहे, ज्याला ठरवता येतं त्यालाच टोचतं. बागवान, तुमच्या बागेत तो पायप आणखी कोण मारायचं? त्याचे कान बघितलेत?

दर्यावर्दी

हे बरोबर बोललात. माझा पोरगा आता बोटीवर आहे, त्याला मफ घ्यायला सांगितलं तर म्हणतो इंजिनाचा ठोका बदललेला कळत नाही मफमध्ये. आणि ते पण खरं आहे, ठोक्यावरनंच कळतं काय बिघडलंय. पण विचारायचं म्हणून मी आजवर तरी विचारलं नव्हतं.

आगर वीस गुंठे

कुणी अजून बोललं नाही म्हणून, आमचे एक काका याला अनाहत नाद म्हणतात आणि रोज पहाटे डोळे मिटून ऐकत बसतात. त्यांना काहीच त्रास नाही, उलट जरा मान वाढलाय आळीत.

देवबागचो झील

काकांका सांगा, मॉनिटर वांगडा घेवन बसलास तर मोक्षच.

कानसेन

हसण्यावारी नेऊ नका, काकांना त्रास का नाही हे बघण्यासारखं आहे. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेकटं आवाजबंद खोलीत बसवलं होतं. ९४ टक्के जणांनी काही ना काही आवाज ऐकू येतो म्हणून सांगितलं. म्हणजे थोडाफार नाद बहुतेकांत असतो, पुरेशी शांतता मिळाली की सापडतो. टिनिटस सांगणारे जगभरात प्रौढांत साधारण १४ टक्के धरतात, त्यातल्या थोड्यांनाच जोराचा त्रास होतो. आवाज किती मोठा यापेक्षा त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघितलं जातं यावर बरंच ठरतं. काकांच्या डोक्यात तो प्रसाद आहे, बागवानांच्या डोक्यात तो आरोपपत्र आहे, आणि आरोपपत्र वाचलं जात असताना झोप कुणाला लागते? मेंदूला वाटतं हे महत्त्वाचं, धोक्याचं आहे, मग तो तिकडेच कान लावून बसतो. या दुखण्यात ज्या उपचाराने त्रास कमी होतो असा पुरावा सगळ्यात बरा आहे तो सीबीटी नावाच्या समुपदेशनाचा. त्याने आवाज जात नाही, हे आधीच सांगतो. मधली आळींच्या बाईंनी केलं ते त्याच जातीचं काम. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही बऱ्याच जणांचा नाद मागे पडतो.

जवळ कुणी नसेल आणि रात्री फार जड जात असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे. तिथे कानाचा उपाय मिळणार नाही, पण बोलता येतं.

आणि झोपताना खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा लावा, पावसाचं रेकॉर्डिंग हळू लावा. नाद बुडेल इतकं मोठं नको, नादाच्या जरा खालीच.

उंडीण

माहेर मुरुडला अगदी समुद्राला लागून, तिथे मला कान वाजतात हेच माहीत नव्हतं. लग्न होऊन पुण्यात बाराव्या मजल्यावर गेले, खिडकी बंद केली आणि पहिल्याच रात्री नवऱ्याला उठवलं की फ्रिज बघ काहीतरी वाजतंय.

बागवान (टंकनिका वेगळी)

नमस्कार. मी यांची बायको. हे खत घालायला गेलेत, फोन इथेच राहिलाय आणि धागा उघडाच होता, म्हणून यांच्याच आयडीने लिहितेय.

सगळं वाचलं. बोळे घाला असं मी सांगितलं होतं, खरं आहे. पण ते यांना लख्ख आठवतं आणि बाकीचं आठवत नाही याचं मला नवल वाटतं. पहाटे "आले, आले, पायरीच्या झाडावर आले, उठा" करून यांना हलवून कोण उठवत होतं? मीच. पायप कुडाळच्या बाजारातून आणला तो माझ्या भावाने, मीच सांगितलं होतं त्याला. एकदा यांचं अंग दुखत होतं, हे म्हणाले आज राहू दे, तर मी म्हटलं खाऊ दे मग सगळं, बँकेला वानरांचे पत्ते द्या. बोळे घाला हे मी एखाद वेळी चुलीकडनं ओरडले असेन. यांनी त्याचं पार वेदवाक्य करून ठेवलंय.

आणि हळू बोललेलं कळत नाही म्हणून लाज वाटते हे मला आज इथे वाचून कळलं. घरात आम्हाला वाटत होतं हे रागावलेत म्हणून उत्तर देत नाहीत. सुनेने तर यांच्याशी बोलणंच कमी केलं होतं. हे आधी सांगितलं असतं तर समोर येऊन बोललो असतो, त्यात काय.

तांबडा चिरा यांनी विचारलंय म्हणून, पायप आमचा गडी पण मारायचा. त्याला आजच विचारलं. म्हणाला उजवीकडे जरा घुमतं.

खाजणातला खेकडा

वैनी, धागा जिंकलात. "बँकेला वानरांचे पत्ते द्या" फ्रेम करून लावतो.

मधली आळी

ताई, बरं झालं लिहिलंत.

बागवान

आलो. वाचलं. काय बोलणार.

हिने "राहू दे" वालं लिहिलंय ते मला खरंच आठवत नव्हतं, अजूनही धूसरच आठवतंय. मी रोज रात्री जे आठवत होतो त्यात हिचं फक्त एकच वाक्य होतं. वही पण घेऊन बसलो होतो काल, मधली आळी म्हणाल्या तशी, दोन ओळींच्या पुढे गेलं नाही. झोप लागली असं नाही, पण मोजणी मधेच तुटली.

गड्याला घेऊन सोमवारी रत्नागिरीला जातोय तपासायला. पायप काढून टाकला. मोहोर आला की सुतळी तरी लागणारच, गोफणीचा नेम मला नाही. तर कानसेन साहेब, एवढंच सांगा, बोळे की मफ? कापूस चालेल का?

कानसेन

कापूस नको, त्याने जवळजवळ काही अडत नाही. फोमचे प्लग घ्या, मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतात, स्वस्त असतात. बोटात वळून अगदी बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर बसलेला नाही, परत घाला. बार उडवताना वरून मफ पण चढवा. दोन्ही घातल्याने दुप्पट अडतं असं समजू नका, साधारण पाचेक डेसिबलचाच फरक पडतो, म्हणून वात लांब ठेवायची आणि लांब जायचं हे आधी. पण दिवसभर प्लग घालून बसू नका, काही जण घाबरून तसं करतात आणि शांततेत नाद उलट मोठा वाटायला लागतो. गड्याला सुद्धा वेगळा जोड द्या, एकमेकांचे वापरू नका.

सड्यावरचा

गोफणीचा नेम शिकवतो, या एकदा. कौलं माझी, जबाबदारी तुमची.